भूमध्यसागरी ज्वर आणि मणक्याचा दाहक संधिवात

कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर हा आनुवंशिक स्वयंदाहक विकारांपैकी सर्वाधिक आढळणारा विकार होय. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू समाजांत तो प्रामुख्याने दिसतो. भारतात तो विरळा आहे. बहुधा विशीच्या आतच त्याचा आरंभ होतो. अचानक ताप चढतो, पोटात किंवा छातीत तीव्र वेदना होतात, गुडघा वा घोटा सुजतो आणि एक ते तीन दिवसांत सारे आपोआप शमते. पोटदुखीचे स्वरूप अपेंडिक्सच्या दाहासारखे असल्याने अनेक रुग्णांवर अनावश्यक शस्त्रक्रियाही झाल्या आहेत.

कारण

या विकारास कारणीभूत असलेले एमईएफव्ही हे जनुक १६व्या गुणसूत्रावर असून १९९७ मध्ये दोन संशोधक-गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्यापासून पायरिन हे प्रथिन तयार होते. पांढऱ्या पेशींतील हे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. जंतूंच्या विषाची चाहूल लागताच ते इंटरल्युकिन-१ या दाहकारक द्रव्याच्या निर्मितीस चालना देते. जनुकात दोष असल्यास शत्रू नसतानाही हा इशारा दिला जातो. सामान्यतः आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास रोग प्रकट होतो.

मणक्याशी संबंध

या ज्वरातील सांधेदुखी सहसा अल्पकाळ टिकते. तथापि काही रुग्णांत कंबरेचे हाड मणक्याच्या तळाशी जोडणाऱ्या सांध्यांना चिवट दाह जडतो आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससारखे चित्र उभे राहते. त्या रोगात एचएलए-बी२७ हा आनुवंशिक घटक बहुसंख्य रुग्णांत सापडतो. ज्वरासोबतच्या मणकेदुखीत मात्र तो पुष्कळदा नसतो. उलट, एमईएफव्हीमधील एम६९४व्ही हा दोष तेथे वारंवार आढळतो. तुर्कस्तानातील अभ्यासांत, ज्वराची लक्षणे नसलेल्या स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांतही हा दोष इतरांपेक्षा अधिक प्रमाणात दिसून आला आहे.

ओळख

दाहक कंबरदुखी बहुधा चाळिशीपूर्वी सुरू होते. पहाटे ती झोपमोड करते, सकाळी अंग बराच वेळ आखडलेले राहते, विश्रांतीने आराम पडत नाही, हालचालीने मात्र पडतो. अशा रुग्णास पूर्वी वारंवार ताप व पोटदुखी होऊन गेली होती काय, कुटुंबात कोणास मूत्रपिंडाचा विकार आहे काय, हे विचारणे अगत्याचे ठरते. आरंभीचा दाह क्ष-किरण चित्रात दिसत नाही. एमआरआयमध्ये तो दिसू शकतो.

उपचार

१९७२ पासून कोल्चिसिन हा या ज्वरावरील मुख्य उपचार आहे. ते झटके रोखते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दीर्घकालीन दाहामुळे मूत्रपिंडात अमायलॉइड हे प्रथिन साचण्यास प्रतिबंध करते. मणक्याच्या दुखण्यावर मात्र ते अनेकदा अपुरे पडते. तेथे दाहशामक औषधे, व्यायाम आणि गरजेनुसार टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-१ यांना रोखणारी जैविक औषधे द्यावी लागतात.

दोन्ही विकार एकत्र आहेत हे ओळखण्याचे महत्त्व येथेच आहे. केवळ कंबरेचे दुखणे समजून वेदनाशामकांवर भागविल्यास वेदना कमी होते, परंतु मूत्रपिंडाची हानी निमूटपणे चालू राहू शकते. तिची पहिली खूण म्हणजे लघवीतून जाणारे प्रथिन, आणि ते साध्या तपासणीत कळते. म्हणूनच मणक्याचे दुखणे थांबले तरी कोल्चिसिन आपल्या मनाने बंद करू नये.