अर्धशिशी : चिनी वनौषधी उपचार

बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणकणाऱ्या, मळमळ, उलटी आणि उजेड-आवाज सहन न होणे यांसह येणाऱ्या डोकेदुखीवर चीनमध्ये परंपरेने दिले जाणारे काढे व चूर्णे. आयुर्वेदातील अर्धावभेदकाचे वर्णन या विकाराशी बरेच जुळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. ऊन, उपवास आणि अपुरी झोप ही येथील रुग्णांच्या डोकेदुखीची नेहमीची निमित्ते.

चिनी वैद्य डोकेदुखीला एकच रोग मानत नाही. बाहेरचा वारा बाधला, यकृताचा ‘यांग’ (उष्ण, चेतक शक्ती) वर चढला, की रक्त साकळले, हे नाडी व जीभ पाहून ठरवतो आणि त्यानुसार योग निवडतो. सर्वांत प्रसिद्ध योग सुंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातील ‘छ्वानशुंग छाथ्याव सान’ हा. यातील मुख्य मुळी छ्वानशुंग ही सिचुआन प्रांतातील, धने-ओव्याच्या कुळातली. तिच्या जोडीला पुदिना, ज्येष्ठमध आणि इतर पाच द्रव्ये असतात. चूर्ण चहाबरोबर घेतात. दुसरे महत्त्वाचे द्रव्य ‘थ्येनमा’. हे पाने नसलेले ऑर्किड असून ते बुरशीच्या आधाराने जगते. छिंग काळातील ‘सान प्येन थांग’ या काढ्यात छ्वानशुंगबरोबर ‘श्यांगफू’ पडते. श्यांगफू म्हणजे ज्वारीच्या रानात खुरपून खुरपून हात दुखवणाऱ्या आपल्या लव्हाळ्याचीच गाठ.

या योगांवर चीनमध्ये पुष्कळ चाचण्या झाल्या. बऱ्याच चाचण्यांत रुग्ण थोडे होते आणि पद्धत कच्ची होती. काही निष्कर्ष आशादायक असले तरी भक्कम पुरावा अजून नाही. सुया टोचून करायच्या ॲक्युपंक्चर या चिनी उपचाराची बाजू तुलनेने बरी आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २२ चाचण्या व सुमारे पाच हजार रुग्ण होते. ॲक्युपंक्चरने झटक्यांची वारंवारता घटते, मात्र खोट्या टोचणीच्या तुलनेत फरक लहानच, असे त्यात दिसले.

वनौषधी म्हणून निर्धोक, ही समजूत येथे घातक ठरते. वर सांगितलेल्या चूर्णातील ‘शीशिन’ ही वनस्पती ॲरिस्टोलोकिक आम्ल बाळगणाऱ्या कुळातली आहे. हे आम्ल मूत्रपिंड निकामी करते आणि कर्करोगकारक आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी चुकून याच कुळातली दुसरी मुळी पडली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली. चीनच्या औषधसंहितेने पुढे शीशिनचे फक्त मूळ वापरण्यास मुभा ठेवली, कारण वरच्या भागात हे आम्ल अधिक असते.

सोलापूर आणि चिनी वैद्यक यांना जोडणारे नाव सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांचे. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले : प्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस तेथेच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने वारले. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. चिनी काढ्यांचे श्रेय त्यांना देणे हा त्यांच्या खऱ्या कामावर अन्याय होईल. चिनी उपचार भारतात रुजवले ते त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी ते कोलकात्यात सुरू केले. लुधियानातील ॲक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणिसांचे नाव आहे. सोलापुरात भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे.

बसूंच्या हातून आली ती सुई. औषधी मागे राहिल्या. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा व परिषद केली. आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींत चिनी वनौषधी मात्र नाहीत, म्हणून त्या देणाऱ्याची पात्रता तपासणारी यंत्रणाही येथे नाही. ऑनलाइन मागवलेल्या चिनी पुडीतील घटक कळत नसतील तर ती घेऊ नये. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.