कोयनेची वीज आणि सातबाऱ्यावरचं नाव

मागच्या बैठकीत वीजबिलावरून बोलणं निघालं, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "आपलं इसापूर एवढं मोठं धरण, मग विजेसाठी कोयनेचंच नाव का घेतात?" गटात विचारपूस करून आम्ही उत्तर आणलं आहे.

पाण्याची वीज म्हणजे उंचावरून पडणाऱ्या पाण्याचा जोर. पैनगंगेवरचं इसापूर धरण मातीचं, उंची 57 मीटर, बांधलं मुख्यतः ओलितासाठी. सातारा जिल्ह्यातली कोयना नदी कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी पूर्वेकडे जायचं. ते अडवून बोगद्याने पश्चिमेला, कोकणात सोडलं. सह्याद्रीवरून ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतं आणि पोफळीला डोंगराच्या पोटातली यंत्रं फिरवतं. पहिली वीज 1962 साली निघाली. आज चारही टप्पे मिळून क्षमता 1,960 मेगावॅट आहे. कोळशाचा बंद पडलेला संच पुन्हा सुरू करायला कित्येक तास जातात, कोयनेचा काही मिनिटांत फिरतो. दिवेलागणीला सगळीकडे एकदम बटणं दाबली जातात, तेव्हा तीच कामाला येते.

पण त्या जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावं गेली. माणसं सांगली, सोलापूर, कोकण अशी पांगली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला 1976 साली, वीज सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी! काहींची नातवंडं आजही जमिनीसाठी खेटे घालत आहेत.

त्याच्याही आधी, 1921 साली, पुण्याजवळ मुळशीला टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट पुढे होते, बायाही उतरल्या होत्या. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या. ते भरपाई घ्यायला तयार झाले आणि कसणारे तुरुंगात गेले. जमीन जाते तेव्हा आधी कागद पाहतात, घाम नाही.

आपल्याकडे निम्न पैनगंगेच्या बुडीत गावांचा विरोध तुम्हाला माहीतच आहे. धरण होवो न होवो, आम्ही गटात एकच विचारलं, सातबाऱ्यावर कोणाकोणाचं नाव आहे? अकरा जणींनी उतारे आणले, नाव दोघींचंच निघालं. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव सोबत लागतं. तिघींचे अर्ज तलाठ्याकडे गेले आहेत. चौथीचा नवरा म्हणतो, पोळा होऊ द्या, मग पाहू.