मामाचा तलाव

परवा शनिवारी ऑफिसातली चौघं मिळून नवेगाव बांधला जाऊन आलो. नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा आणि मग उजवीकडे. पाळीवर उभं राहून फोटो काढताना एकाने विचारलं, "हे धरण कुठल्या डिपार्टमेंटने बांधलं रे?"

डिपार्टमेंट नव्हतंच तेव्हा! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असं सांगतात. भोवती 'सात बहिणी' नावाच्या टेकड्या. त्यांच्यामधल्या फटी मातीने बुजवल्या, झाला तलाव. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच 'कोलासुर' म्हणून देव केलं. (आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला कुणी देव करेल असं वाटत नाही, असो.)

नवेगाव मोठा, पण भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडे असे छोटे मातीचे तलाव हजारोंनी आहेत. इंग्रजांनी 1860 च्या दशकात मालगुजारांना गावाची मालकी दिली, तेव्हा तलावही त्यांचे झाले. म्हणून 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा' तलाव. लहानपणी मला ते खरंच कुणाच्या तरी मामाचे वाटायचे.

मालगुजार काही संत नव्हता. वेठबिगारीने राबवून घ्यायचाच. पण पाळीखालच्या धानावर त्याचा वसूल अवलंबून, त्यामुळे पाळ फुटली तर त्याचंही पोट मारलं जायचं. मातीच्या धरणाचं गणित सोपं आहे. सांडव्यातून पाणी गेलं तर ठीक, पाळीवरून गेलं की माती वाहू लागते आणि मग धरण थांबत नाही. म्हणून पाळीवर माती टाकणं आणि सांडवा मोकळा ठेवणं, एवढं तरी करावंच लागे.

मध्य प्रदेश सरकारने (तेव्हा आपण त्यांच्यात होतो, राजधानी नागपूर) 1950 मध्ये कायदा केला आणि 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. बरंच झालं. तलाव सरकारचे झाले. आता मोठे पाटबंधारे खात्याकडे, 100 हेक्टरपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे. पण रोज सकाळी पाळीवर चक्कर मारणारा माणूस कुणाच्याच यादीत आला नाही. गाळ साचला, बेशरम माजली.

ही खेड्यातलीच गोष्ट आहे असं समजू नका. आपल्या अंबाझरीची भिंतसुद्धा मातीचीच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तिचा सांडवा ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तोवर आपल्यासाठी अंबाझरी म्हणजे फक्त संध्याकाळची भेळ आणि फिरणं होतं, खरं ना?

परत येताना चहाच्या टपरीवर एक आजोबा भेटले. त्यांच्या गावातही मामा तलाव आहे, पण सांडव्याचे दगड निघालेत म्हणे.

"तुमी इंजिनेर हाय ना? मंग पाह्यून द्या ना एकदा."

"आजोबा, मी सॉफ्टवेअरचा."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "बरं, पोहता तरी येते का?"