रोजनिशी थांबते त्यानंतर

लान्सारोते या बेटाचा अर्वाचीन इतिहास लिहिणारा कोणीही सुरुवात करतो ती एका धर्मगुरूच्या रोजनिशीपासून. स्पेनच्या अखत्यारीतील कॅनरी बेटांपैकी हे अगदी पूर्वेकडचे, आफ्रिकेच्या किनाऱ्याला जवळचे बेट. तेथील यायसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी १ सप्टेंबर १७३० च्या रात्री, नऊ ते दहाच्या दरम्यान, तिमानफायाजवळ जमीन दुभंगल्याची नोंद केली. पुढे लाव्हाने गिळलेली गावे, किनाऱ्याला लागलेले मेलेले मासे, विषारी वाफांनी गुदमरून कोसळलेली गुरे, हे सारे ते संयमाने टिपत गेले. १७३१ च्या अखेरीस नोंदी थांबतात. कुर्बेलो आणि त्यांचे अनेक गावकरी बेट सोडून ग्रान कानारियाला गेले. उद्रेक मात्र एप्रिल १७३६ पर्यंत चालूच राहिला. म्हणजे साडेपाच वर्षांच्या आपत्तीपैकी जेमतेम सव्वा वर्ष या साक्षीदाराच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

तेही थेट नाही. रोजनिशीची मूळ प्रत उपलब्ध नाही. जर्मन भूशास्त्रज्ञ लेओपोल्ड फॉन बुख १८१५ मध्ये या बेटांवर आला आणि १८२५ च्या आपल्या ग्रंथात त्याने हा मजकूर जर्मनमध्ये दिला. स्पॅनिश वाचकाने स्वतःच्या भूमीची ही कहाणी दीर्घकाळ जर्मनमधून उलट भाषांतरित होऊन आलेल्या रूपात वाचली. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्यांना याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. पुढे सिमान्कासच्या अभिलेखागारातील सरकारी कागदपत्रे अभ्यासकांच्या हाती आली आणि चित्रात भर पडली. त्यांत लाव्हाइतकीच चिंता आहे ती धान्याची, गुरांची आणि माणसांना बेट सोडू द्यावे की नाही याची.

तरीही या सर्व कागदांच्या बाहेर राहिलेला एक भाग आहे आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. उद्रेकापूर्वी लान्सारोते हे गहू-बार्लीचे बेट होते. लाव्हाने सुमारे दोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा झाकला. त्याच्या पलीकडे कितीतरी भूमीवर काळ्या राखखड्यांचा थर साचला. लाव्हाखाली गेलेले शेत कायमचे गेले. राखेखाली गेलेले मात्र मेलेले नव्हते. हा फरक प्रथम कोणाच्या ध्यानात आला, कोणी पहिल्यांदा राख उकरून खालच्या जुन्या मातीला हात लावला, हे कोणत्याही रोजनिशीत नाही. निर्मितीला साक्षीदार मिळाला नाही. तिचा दस्तऐवज ला हेरियाच्या उतारांवर खड्ड्यांच्या रूपाने शिल्लक आहे.

हे खड्डे वाचता यायला हवेत. स्थानिक भाषेत त्यांना ‘ओयो’ म्हणतात. राखेचा थर जितका जाड तितका खड्डा खोल. कोठे दोन, कोठे तीन मीटर. तळाशी जुनी माती लागली की तिथे वेल लावायची, बहुधा एकच. बेटावर वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे दीडशे मिलिमीटर. एवढ्या पावसावर उघड्या जमिनीत द्राक्ष जगणे कठीण. पण ‘रोफे’ नावाचे हे सच्छिद्र राखखडे पावसाचे पाणी खाली उतरू देतात, रात्रीचा दमटपणा धरतात आणि दिवसा मातीचा ओलावा उडू देत नाहीत. ज्या राखेने शेत बुडवले तीच आच्छादन झाली. उरला वारा. ईशान्येकडून अखंड वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना अडवण्यासाठी खड्ड्याच्या काठावर अर्धचंद्राकृती दगडी बांध रचला जातो, चुना-मातीशिवाय. आपण दख्खनवासी बसाल्टवरच राहतो, हे यानिमित्ताने आठवते. पण आपल्या बसाल्टची काळी माती व्हायला सहा कोटींहून अधिक वर्षे मिळाली. लान्सारोतेच्या शेतकऱ्याला तेवढी सवड नव्हती.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘कॅनरी’ मद्याचे उल्लेख येतात आणि वाइनविषयी हौसेने लिहिणारे ते सरसकट सर्व बेटांना बहाल करतात. परंतु त्या काळात लान्सारोतेवर धान्यच पिकत होते. इंग्लंडला जाणारे मद्य प्रामुख्याने तेनेरीफेचे. लान्सारोतेची द्राक्षबाग ही खरोखर उद्रेकोत्तर गोष्ट आहे. तेथील एल ग्रिफो ही वायनरी १७७५ मध्ये स्थापन झाली, म्हणजे राख थंडावून चाळीसएक वर्षे झाल्यावर.

येथील मुख्य वाण माल्वासिया वोल्कानिका. ‘माल्वासिया’ हे नाव ग्रीसमधील मोनेमवासिया बंदराशी जोडले जाते. वाण मात्र इथलाच. जनुकीय तपासणीत तो सुगंधी माल्वासिया आणि बेर्मेहुएला या दोन वाणांचा संकर असल्याचे दिसून आले आहे. वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून तेथे अमेरिकन खुंटावर कलम करणे हाच नियम झाला. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला खुंट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कॅनरी बेटे समुद्रामुळे आणि रोपांच्या आयातीवरील निर्बंधांमुळे वाचली. म्हणून शंभरीच्या पुढची, बिनकलमाची झाडे येथे आजही घड देतात. ही सुरक्षितता आता पूर्वीसारखी गृहीत धरता येत नाही. २०२५ मध्ये तेनेरीफेवर ही कीड प्रथमच आढळली.

किडीइतकाच दुसरा धोका मजुरीचा आहे. एका हेक्टरात अशा वेली मावतात दोन-तीनशे. खड्ड्यात यंत्र उतरत नाही. छाटणी, खुडणी, घड भरलेल्या पेट्या खड्ड्याबाहेर काढणे, सारे हातांनीच. तोडणी बहुधा जुलैतच सुरू होते, युरोपात सर्वांत आधी. पर्यटन मात्र वर्षभर चालते आणि हॉटेलातला पगार खड्ड्यातल्या कष्टांपेक्षा सोपा असतो. त्याबद्दल तरुणांना दोष देण्यात अर्थ नाही. गंमत अशी की पर्यटक पाहायला येतात ते हेच काळे उतार.

या बेटाला पुढे आणखी एक रोजनिशीकार लाभला. पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागू आपल्या सरकारने १९९२ मध्ये एका कादंबरीची युरोपीय पुरस्कारासाठीची शिफारस अडवल्यानंतर १९९३ मध्ये येथील तियास गावी राहायला आले. २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे घर तेच होते आणि त्यांच्या प्रकाशित दैनंदिन्यांना बेटाचेच नाव आहे. कुर्बेलो बेट सोडून गेले, सारामागू बेटावर आले. खड्डे खणणारे यांपैकी कोणत्याच वहीत लेखक म्हणून आले नाहीत.

वारा राखखडे ढकलत राहतो. काठ घसरतात, तळ भरत जातो, म्हणून खड्डे वेळोवेळी उपसावे लागतात आणि ढासळलेले बांध पुन्हा रचावे लागतात. ज्या खड्ड्याकडे काही वर्षे कोणी फिरकत नाही, त्यात आधी वेलीचे बूड बुडते, मग फांद्या.