हेडसेटची शांतता कोणाच्या कानी?

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी मला एक बिनतारी हेडसेट भेट दिला. खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलिंग’ हे शब्द ठळक छापलेले होते. इंदूरला राजवाड्याजवळ आमचे जुने घर असल्याने खिडकीखाली दिवसभर वाहनांचा गोंगाट चालू असतो. दर रविवारी सकाळी ग्वाल्हेरला थोरल्या भगिनींना फोन करण्याचा माझा परिपाठ आहे. अक्कांचे वय आता ८४. त्यांना ऐकू कमी येते. हेडसेट कानांवर चढवताच माझ्याभोवतीचा गोंगाट ओसरला आणि अक्कांचा आवाज समोर बसल्यासारखा स्वच्छ आला. त्या मात्र म्हणाल्या, ‘‘अरे, बाजारात उभा राहून बोलतोस का? एक अक्षर कळत नाही बघ.’’ पाच मिनिटांतच त्यांनी फोन ठेवला. हे पुढील दोन रविवारीही घडले, तेव्हा मी अस्वस्थ झालो. शासकीय सेवेत प्रकरणाच्या मुळाशी जाण्याची सवय लागलेली. म्हणून या यंत्राचा पूर्वेतिहास चाळू लागलो आणि उलगडा तिथेच झाला.

ध्वनी ही हवेतील लहर आहे. तिच्याशी नेमकी उलटी लहर त्याच क्षणी सोडली, तर दोन्ही परस्परांना मारतात. या तत्त्वावर पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३ साली पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकन पेटंट त्यांना १९३६ साली मिळाले. परंतु तत्परतेने उलटी लहर निर्माण करणारी सुटसुटीत साधने तेव्हा उपलब्ध नव्हती, म्हणून ती कल्पना बराच काळ कागदावरच राहिली.

तिला व्यवहारात आणणाऱ्यांत अग्रगण्य नाव अमर बोस यांचे. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यचळवळीत होते आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. १९२९ साली फिलाडेल्फिया येथे जन्मलेले अमर बोस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक होते. १९७८ साली झुरिकहून अमेरिकेस परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधील संगीत इंजिनांच्या घरघरीत त्यांना धड ऐकू येईना. त्याच प्रवासात त्यांनी उपायाचे गणित मांडले. १९८६ साली डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कोठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा बोस यांचे प्रायोगिक हेडसेट त्यांच्यासोबत होते. १९८९ साली वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीस आला.

या इतिहासातील मुख्य गोष्ट अशी की, ही सारी धडपड ऐकणाऱ्याच्या कानासाठी होती. इंजिनाची घरघर किंवा पंख्याचा एकसुरी आवाज ही यंत्रणा उत्तम दाबते. अचानक वाजणाऱ्या हॉर्नपुढे ती उणी पडते. आणि बोलणाऱ्याच्या तोंडाजवळील गोंगाट मायक्रोफोनमधून पलीकडे जातो, त्याच्याशी तिचा काही संबंध नाही.

तो प्रश्न सोडविणारी परंपरा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांत व विमानांत ओठांलगत वा गळ्याला लावण्याचे मायक्रोफोन वापरले जात. ओठांलगतच्या मायक्रोफोनच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी वाट ठेवलेली असे. दुरून येणारा गोंगाट दोन्हीकडून जवळपास सारखाच पोचून बराचसा आपोआप कटे. ओठांतील शब्द मात्र एकाच बाजूने जोरात पोचत आणि टिकत. पुढे २०१० च्या सुमारास मोबाइल फोनमध्येच दोन मायक्रोफोन बसू लागले. दोहोंत पडणाऱ्या आवाजांची तुलना करून बोलणाऱ्याचा आवाज वेगळा काढणे हे गणिती काम झाले. तरीही तोंड आणि मायक्रोफोन यांतील अंतर जितके कमी, तितके हे काम सोपे, हा जुना नियम कायम आहे. माझ्या हेडसेटचा मायक्रोफोन कानाच्या वाटीत होता, म्हणजे ओठांपासून चांगला चार बोटे दूर.

यात माझीही एक चूक मिसळली होती. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले. हेडसेटने माझ्यापुरती शांतता निर्माण केल्याने मी हळू बोलू लागलो होतो. रस्ता मात्र त्याच जोराने फोनमध्ये शिरत होता.

बिनतारी जोडणीचीही एक मर्यादा आहे. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत बोलण्याचा आवाज सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ या जुन्या टेलिफोनच्याच पट्ट्यात जातो. ‘स’, ‘श’ यांची धार त्याच्या वर असते. म्हणून ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत घोटाळा होतो. औषधाचे प्रमाण सांगताना असा घोटाळा परवडणारा नाही. २०११ नंतर रुंद पट्ट्याची सोय आली; पण ती फोन व हेडसेट दोहोंत असावी लागते आणि दूरध्वनी सेवेनेही साथ द्यावी लागते.

मग मी दुसरा हेडसेट आणला. तोही बिनतारी, पण तोंडापर्यंत येणारी दांडी असलेला. घेण्यापूर्वी दुकानातच भर रस्त्याच्या बाजूला उभे राहून घरी फोन लावला आणि ‘साठ, आठ, सात, हात’ असे शब्द सौभाग्यवतींकडून परत म्हणवून घेतले. दोन चुका निघाल्यावर दांडी थोडी ओठांजवळ सरकवली, तेव्हा सर्व शब्द बरोबर आले. परीक्षा फक्त पलीकडच्या माणसालाच घेता येते, इतके मला समजले होते.

आपल्यापैकी अनेकांची वडीलधारी माणसे पुणे, नागपूर, बडोदे, हैदराबाद अशी विखुरलेली आहेत आणि भेटी फोनवरच होतात. त्यांच्यासाठी हेडसेट घेताना आपल्या कानाला काय वाटले यावर विसंबू नये, त्यांनाच विचारावे. त्या रविवारी अक्का पाऊण तास बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘आज बाजारात गेला नाहीस वाटतं.’’ खिडकी उघडीच होती.