भरतीच्या काठावरचे लेखन

कॅनडातील फंडीच्या उपसागरालगत, सेंट मार्टिन्स येथे, तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांत समुद्राने गुहा कोरल्या आहेत. ओहोटीला आम्ही त्यांत पायी शिरलो. भरतीला तेथे होडीच न्यावी लागते. अटलांटिकची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते आणि या उपसागरातील पाण्याच्या स्वतःच्या हेलकाव्यालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा, तसे पाणी चढत जाते. उपसागराच्या शिरोभागी भरती-ओहोटीतील अंतर १६ मीटरपर्यंत पोहोचते.

या काठाचा लिखित इतिहास मात्र उशिरा सुरू होतो. मिकमाक लोक येथे हजारो वर्षे राहत होते. त्यांचे वाङ्मय मौखिक. १४ नोव्हेंबर १६०६ रोजी पोर्ट रॉयल या फ्रेंच वसाहतीत मार्क लेस्कार्बोचे नाटक पाण्यावरच सादर झाले. परतलेल्या पूत्रँकूरच्या स्वागताला त्यात वरुणाचा रोमन भाऊबंद नेपच्यून येतो आणि मूलनिवासीही येतात. त्या भूमिका लिहिणारा अर्थातच फ्रेंच होता. समुद्र आणि भूमिपुत्र, दोघांच्याही मुखी त्याने नवागतांचे स्वागतच घातले. वसाहतीचे साहित्य येथे पहिल्याच प्रयोगात आपला स्वभाव सांगून जाते.

पुढे अकेडियन शेतकऱ्यांनी बांध घालून खाजण शेतीखाली आणले. बांधातील लाकडी झडप ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडी आणि भरती येताच मिटे. समुद्राचे इतके बारकाईने केलेले वाचन आम्हांस कोणत्याही काव्यात आढळले नाही. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना हद्दपार केले. त्यांची कथा अजरामर केली ती लाँगफेलोच्या ‘इव्हँजेलिन’ने, १८४७ साली, आणि कवीने ही भूमी कधी पाहिलीही नव्हती.

न पाहता लिहिले म्हणून ते काव्य खोटे ठरत नाही. अकेडियनांनीच पुढे ती नायिका आपली मानली. पण एका समाजाचे उच्चाटन त्यात एका प्रेमिकेच्या विरहात सामावले गेले, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे. भरतीचे पाणी भरलेले असताना गुहेचा तळ दिसत नाही. गाजलेल्या संहितेखालचा तळही तसाच झाकलेला असतो. तो पाहायचा तर ओहोटीची वाट पाहण्याइतका धीर वाचकापाशी हवा.