विटाळाचे पाणी, पावसाचे पाणी

पाण्याचा दलित इतिहास आपण आजवर पाणवठ्याचा इतिहास म्हणून लिहिला. तसे होणे अपरिहार्यच होते. ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव, २० मार्च १९२७ चे चवदार तळे, १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल हे त्या इतिहासाचे टप्पे आहेत. पण पाणी प्याले की त्याचा इतिहास संपत नाही. आभाळातून पडलेले पाणी कोणाच्या दारात तुंबते, आणि ते वाहते ठेवण्यासाठी घाणीत कोण उतरतो, हाही जातिव्यवस्थेचाच इतिहास आहे. वसई-विरारच्या संदर्भात मी तो येथे मांडू पाहतो.

महाडच्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले. १०८ घागरी, दही, दूध, शेण, गोमूत्र आणि मंत्रघोष असा तो विधी होता. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, अशी ज्या समाजाची धारणा, त्याला पाण्यातली खरी घाण दिसणार कशी? विटाळाच्या कल्पनेने दोन कामे केली. तिने माणसाला घाण ठरवले; आणि घाण उपसण्याचे काम त्याच माणसावर टाकून बाकीच्यांना जबाबदारीतून मोकळे केले. आजचा नाला याच मोकळीकीतून वाहतो आहे.

वसईचा इतिहास म्हटला की १७३९ ची चिमाजी अप्पांची स्वारी सांगितली जाते. त्याआधीचे सोपारे मात्र विस्मरणात ढकलले जाते. नालासोपाऱ्याजवळच्या ज्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत, तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केले आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. टोपल्या विणणाऱ्या जातीचे नाव लोकांनी त्या स्तूपाला दिले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात सापडला. दुसरा तुकडा भुईगावात १९५६ मध्ये मिळाला. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हा धम्माचा भाग होय, असे अशोकाच्या या लेखमालेत सांगितले आहे. त्या भूमीवर उभ्या राहिलेल्या शहराला मी याच कसोटीवर तपासतो.

या भूमीची घडण आधी समजून घेतली पाहिजे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरचे पाणी सखल भागातून खाड्यांकडे उतरते. १८६४ पर्यंत येथून मुंबईला रेल्वे गेली आणि उताराला आडवा असा दक्षिणोत्तर भराव उभा राहिला. पाण्याला मोऱ्यांची वाट उरली. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही. तेवढा वेळ पाणी भातखाचरांत, खाजणांत, मिठागरांत थांबत असे. पश्चिम पट्ट्यात वाड्यांतून बावखले होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, मुरे, आणि विहिरींना गोडे पाणी राही.

गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. खेड्याचा गौरव करणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत उत्तर दिलेले आहे. बावखलाच्या काठी समता नांदत होती असे कोणी समजू नये. पण पाणी थांबवण्याची आणि मुरवण्याची विद्या जातीबरोबर टाकून द्यायची नसते.

१९९० मध्ये येथे सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली, २००९ मध्ये महानगरपालिका झाली. हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली शेती आणि विहिरींचा प्रश्न लावून धरला. तरीही खाचरे बुजली, बावखले बुजली, नाल्यांच्या काठावर चाळी उठल्या. मुंबईत ज्यांना घर परवडले नाही, ते गिरणीतून सुटलेले, फलाटावर उतरलेले लोक या चाळींत आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. जुलै २०१८ मध्ये पाऊस कोसळला तेव्हा नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वीज गेली, आणि मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली. पाऊस जात पाहत नाही, असे म्हणतात. खरे आहे. पण उतार पाहतो. आणि सखल जागा कोणाच्या वाट्याला येते, हे समाज ठरवतो.

तुंबलेले ते पाणी निव्वळ पावसाचे नसते. शास्त्र सांगते की पावसाचे नाले आणि मैलापाण्याच्या वाहिन्या वेगळ्या हव्यात. येथे कित्येक वर्षे बोळिंजचे एकच सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते. बरेचसे मैलापाणी नाल्यांतूनच खाडीला जात राहिले. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि कारखान्यांचा गाळही त्यात उतरतो. ते पाणी चाळीच्या उंबऱ्यात शिरते आणि शेवटी कोळ्याच्या जाळ्यात येते. याला मात्र कोणी विटाळ म्हणत नाही!

आणि खाली कोण उतरतो? मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार मेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका गृहसंकुलातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार मेले. २०१३ चा कायदा माणसाला संरक्षक साधनांशिवाय अशा जागी उतरवणे गुन्हा ठरवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. म्हणजे मरणाचा भाव वाढला. मरण थांबले नाही.

२०१८ च्या पुरानंतर नीरी आणि आय.आय.टी. मुंबईच्या समितीने धारण तलाव सुचवले. पाण्याला थांबायला जागा द्या, एवढाच त्याचा अर्थ. बावखल तेच करीत होते. म्हणून कार्यकर्त्यांपुढे मला तीन कामे दिसतात. आपल्या प्रभागातील प्रत्येक नाल्याचा नकाशा हाती घ्या आणि भराव कोणी टाकला ते विचारा. मैलापाणी नाल्यातून वेगळे काढण्याची मागणी पाणीपुरवठ्याच्या मागणीइतक्याच जोराने करा. नालेसफाईच्या प्रत्येक ठेक्यात कामगाराची नोंद, यंत्र आणि साधने आहेत की नाहीत, हे काम सुरू होण्याआधी तपासा.

चवदार तळ्यावर आपण पाणी पिण्याचा हक्क बजावला. घाणीत न उतरण्याचा आणि घाण पाण्यात न राहण्याचा हक्क हा त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे.